शोकदिन आणि सुट्टी

ज्या दिवशी राष्ट्रावर घोर आपत्ती कोसळली, तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा असावा काय? हा प्रश्न वरवर पाहता राज्यकारभाराचा वाटतो. परंतु विचारांती तो धर्माचा, म्हणजेच कर्तव्याचा आहे असे दिसून येते.

सन १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र सरून ३ तारीख लागत असता भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला व निद्रिस्त वस्त्यांवर पसरला. सहस्रावधी माणसे मृत्युमुखी पडली. कित्येकांची ओळखही पटली नाही. त्यांचा अंत्यविधी सामुदायिकपणे उरकावा लागला. भोपाळमध्ये ३ डिसेंबरला स्थानिक सुट्टी असते. ती योग्यच होय. कारण ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांना त्या दिवशी मोकळीक हवी. मग साऱ्या देशालाच ती का नसावी?

स्मरणाला तिथी हवी, यात संशय नाही. मनुष्य विस्मरणशील आहे. म्हणूनच पूर्वजांनी श्राद्धाला तिथी नेमून दिली. ज्यांच्या मागे कोणी उरले नाही, अशांनाही तर्पणात ओंजळभर पाणी देण्याची आपली रीत आहे. मग भोपाळच्या त्या अनोळखी मृतांचे आप्त आपण सर्वच नव्हे काय?

परंतु तिथी निराळी आणि सुट्टी निराळी. श्राद्धाच्या दिवशी घर स्वस्थ बसत नाही. पहाटेपासून राबते, अन्नदान करते. कचेरी बंद म्हणून दुपारी झोप काढणाऱ्याने कोणाचे स्मरण केले? आणि त्याच सुट्टीपायी रोजंदारीवरील मजुराची चूल थंड राहिली, तर त्यात मृतांचा कोणता सन्मान झाला? ३० जानेवारीस हुतात्म्यांच्या स्मरणार्थ देश सकाळी ११ वाजता दोन मिनिटे स्तब्ध राहतो व पुन्हा कामाला लागतो. या प्रथेत अर्थ आहे. कर्म टाकणे म्हणजे त्याग नव्हे, हे गीतेच्या वाचकांस सांगावयास नको.

कोणी म्हणेल, सुट्टीवाचून जनतेस दिवसाचे गांभीर्य कळत नाही. पण नुसत्या दिन पाळण्याने काय साधते, तेही भोपाळनेच दाखविले आहे. कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविला गेला तो २०२५ च्या जानेवारीत. तोवर चाळीस स्मृतिदिन येऊन गेले होते!

त्या रात्री कारखान्यातील वायूची टाकी थंड राखणारे यंत्र बंद ठेवलेले होते. म्हणजे जे करावयाचे ते केले गेले नाही, त्यातून हा अनर्थ ओढवला. कर्तव्यच्युतीने ज्यांचे प्राण घेतले, त्यांचे स्मरण आपण कर्तव्य थांबवून कसे करणार? त्या दिवशी क्षणभर मस्तक नमवावे, मिळकतीतील काही भाग एखाद्या रुग्णाच्या औषधोपचारास द्यावा, आणि आपल्या हातचे जे काम दुसऱ्याच्या जिवाशी निगडित आहे, मग ते यंत्राचे असो, औषधाचे असो वा वाहनाचे, ते अधिक सावधपणे करावे. गृहस्थाने अर्पण करावयाची तिलांजली ती हीच होय.