एका रनवर मराठवाड्याचं भविष्य लिहू नका

बसा सगळे. पेन खाली ठेवा आणि आधी ऐका.

तुमचा अहवाल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. 2031 ते 2050 या वीस वर्षांत मराठवाड्यातला पाऊस किती बदलेल, याचं उत्तर तुम्ही दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत दिलं आहे. नकाशात जालन्याला एक छटा, बीडला दुसरी. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? एका हवामान मॉडेलच्या एका रनच्या, म्हणजे ते संगणकावर एकदाच चालवून मिळालेल्या उत्तराच्या! उत्तर किती खाली-वर जाऊ शकतं, हे कुठेही लिहिलेलं नाही. हवामानाच्या नैसर्गिक चढउताराचा उल्लेख अख्ख्या अहवालात एकदाच, तोही शेवटच्या पानावर, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली. जी गोष्ट तुमचं उत्तर उलटंपालटं करू शकते, तिला तुम्ही एका ओळीत उरकलंत. याला संशोधन म्हणत नाहीत.

पुण्यात राहून हे व्हावं, याचा मला जास्त राग येतो. पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था 1962 पासून मान्सूनचा अभ्यास करते आहे. शिवाजीनगरच्या हवामान खात्याने 1901 पासूनच्या रोजच्या पावसाच्या नोंदी चौकटीचौकटीने मांडून ठेवल्या आहेत. भविष्याचा नकाशा रंगवण्याआधी मागची शंभर वर्षं उघडून बघावीत, असं एकालाही वाटलं नाही?

बघितली असतीत, तर काय दिसलं असतं? देशभरातल्या मान्सूनच्या पावसाची सरासरी सुमारे 87 सेंटीमीटर, आणि वर्षावर्षातला चढउतार साधारण दहा टक्क्यांचा. 2002 मध्ये तूट 19 टक्के, 2009 मध्ये 22 टक्के. 1997 मध्ये एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं एरवी मान्सूनला मारक ठरणारं तापणं, अतिशय प्रबळ होता, तरी पाऊस सरासरीच्या किंचित वरच राहिला. त्या वर्षी हिंदी महासागरातल्या द्विध्रुवाने, म्हणजे त्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानातल्या फरकाने, मान्सूनला हात दिला. हे झालं देशाचं. प्रदेश जितका लहान, तितके हे हेलकावे मोठे. मराठवाडा तर पर्जन्यछायेतला. तिथे काय होत असेल, याचा विचार करा.

आता म्हणाल, वीस वर्षांच्या सरासरीत हे सगळं मिटून जाईल. नाही मिटत. प्रशांत महासागराच्या तापमानाचा कल दशकानुदशकं एकाच बाजूला राहू शकतो आणि त्याबरोबर मान्सूनही झुकतो. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल वाचा. 1951 ते 2015 या काळात देशातला मान्सूनचा पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात ही घट ठळक होती. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, म्हणून पाऊस वाढायला हवा, हे तुम्हाला पाठ आहे. मग घटला का? त्यात माणसाने हवेत सोडलेल्या सूक्ष्म कणांचा वाटा आहे आणि प्रशांत महासागराच्या नैसर्गिक चढउताराचाही. 2002 नंतर उत्तर-मध्य भारतातला पाऊस पुन्हा सावरू लागला. विसाव्या शतकाच्या शेवटी कोणी त्या घटीची रेघ तशीच सरळ पुढे ओढली असती, तर तो तोंडावर आपटला असता. तुम्ही आज वेगळं काय केलं आहे?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर सारखी शिजतात. मॉडेलच्या रनचं तसं नाही. अमेरिकेत बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात एकच मॉडेल चाळीस वेळा चालवलं गेलं. तेच मॉडेल, तेच हरितगृह वायू. फरक होता तो फक्त सुरुवातीच्या हवेच्या तापमानात, तोही एका अंशाच्या शंभर लाख कोटीव्या भागाएवढा. आणि निघाली चाळीस वेगवेगळी हवामानं! पन्नास-पन्नास वर्षांचा कल काढला, तरी उत्तर अमेरिकेचे हिवाळे काही रनमध्ये झपाट्याने तापले, तर काहींत तिथलेच काही भाग जेमतेम तापले किंवा थोडे गारही झाले. त्याच केंद्रातल्या क्लारा डेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 पासून हे पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे. आपल्याला प्रत्यक्षात जगायला मिळतं ते त्या अनेकांपैकी एक हवामान. कोणतं, हे तुमच्या एका रनला ठाऊक नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीचा 2021 चा अहवालही सांगतो, की नजीकच्या काळात मान्सूनमधल्या बदलांवर नैसर्गिक चढउताराचा आणि मॉडेलांमधल्या मतभेदाचा पगडा राहण्याची शक्यता जास्त आहे. तुमची वीस वर्षं त्याच काळात सुरू होतात.

हा गुणांचा प्रश्न नाही. तुमचा आकडा उद्या कोणीतरी उचलेल. कोणी त्यावर बंधाऱ्याची उंची ठरवेल, कोणी पीकविम्याचा हप्ता. 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तुमच्या नकाशात पाऊस वाढणार आहे. त्या वाढत्या सरासरीच्या पोटातही अशी दोन वर्षं येऊ शकतात, हे ज्याला कळायला हवं त्याला तुमचा नकाशा ते सांगतच नाही. वर भरवसा देतो. चुकीचा भरवसा देणं हे अज्ञानापेक्षा वाईट.

आणि मागच्या बाकावरून जो आवाज आला, ‘मग सगळं नैसर्गिकच म्हणायचं’, त्यानेही नीट ऐकावं. ही पळवाट मी खपवून घेणार नाही. 1901 ते 2018 या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं आणि ते मुख्यतः माणसाच्या करणीने. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान जवळपास तिप्पट झाल्या. नैसर्गिक चढउतार मोजायचा तो बदल नाकारण्यासाठी नाही. त्यातला माणसाचा वाटा किती आणि तो कधी स्पष्ट दिसू लागेल, हे ठामपणे सांगता यावं म्हणून.

तेव्हा अहवाल परत न्या. एकाच मॉडेलचे जितके रन मिळतील तितके घ्या. त्यांची सरासरी काढा, तो हरितगृह वायू आणि सूक्ष्म कण यांसारख्या बाहेरच्या कारणांचा परिणाम. रनारनातला फरक मोजा, तो नैसर्गिक चढउतार. मग दुसरी मॉडेलं घ्या आणि त्यांच्यातला फरक वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र कालवू नका. मॉडेलमधले हेलकावे शंभर वर्षांच्या खऱ्या नोंदींतल्या हेलकाव्यांशी ताडून बघा. जुळत नसतील, तर ते मॉडेल मराठवाड्यासाठी वापरू नका. आणि नकाशावर प्रत्येक जिल्ह्यात एक आकडा नको, पल्ला हवा: किती घट होऊ शकते, किती वाढ, आणि किती रन कोणत्या बाजूला आहेत.

एवढं करून ‘पुढच्या वीस वर्षांत पाऊस वाढू शकतो आणि घटूही शकतो, दोन्हींची तयारी ठेवा’ असं उत्तर निघालं, तर ते न लाजता पहिल्या पानावर लिहा. त्या उत्तराला मी पूर्ण गुण देईन. आजच्या नकाशाला मात्र माझी सही मिळणार नाही.