फाशी आणि गुरुचरित्राचा दहावा अध्याय

दत्तभक्तहो, गुरुचरित्राच्या दहाव्या अध्यायातली वल्लभेशाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. कुरवपूरला नवस फेडायला निघालेल्या त्या ब्राह्मणाला वाटेत चोरांनी मारले. श्रीपाद श्रीवल्लभ त्रिशूळ घेऊन प्रकटले आणि त्यांनी चोरांचा वध केला. पेपरात एखाद्या भयंकर खुनाची बातमी आली की पारायणाला बसणारी माणसंसुद्धा हाच दाखला देतात, "महाराजांनी नाही सोडलं, मग सरकारनं का सोडायचं? द्या फाशी!"

पण गोष्ट तिथे संपत नाही. चोरांबरोबरचा एक जण शरण आला. म्हणाला, मी यांच्यातला नाही, वाटेत सोबत झाली. महाराजांनी त्याचे अंतःकरण ओळखले आणि त्याला अभय दिले. वल्लभेशालाही पुन्हा उठवले. म्हणजे प्राण घेणाऱ्याला मनातले सगळे दिसत होते आणि गेलेला प्राण परत देताही येत होता.

आपल्या कोर्टाला यातले काय येते? नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशी सुनावली. त्याच कोर्टाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले. मधली सोळा वर्षे तुरुंगात गेली, पण माणसे जिवंत होती म्हणून सुटली तरी. खातेवहीत चुकलेली रक्कम उलट नोंद करून दुरुस्त होते. फाशीला उलट नोंद नाही.

कोणी म्हणेल, ज्यांचे लेकरू गेले त्यांचे काय? प्रश्न खरा आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात 2001 मध्ये फाशी झाली, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून 2022 मध्ये हायकोर्टाने तिची जन्मठेप केली. त्या आईबापांच्या वाट्याला वीस वर्षे नुसती वाट पाहणे आले.

म्हणून गुन्हेगाराला मोकळे सोडा असे मी म्हणत नाही. मरेपर्यंत सुटका नाही अशी जन्मठेप सुप्रीम कोर्टाने 2008 मध्येच दिलेली आहे. तीच द्यावी, आणि लवकर द्यावी. त्रिशूळ ज्याच्या हाती शोभतो, त्याच्याच हाती राहू द्यावा.

।। श्रीगुरुदेव दत्त ।।