सवलतीचा भार कोणावर?

पुणे-बंगळूर महामार्गावर, कराडला लागून असलेले मलकापूर हे एकेकाळचे शेतीप्रधान गाव. कृष्णा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालयामुळे तेथे नोकरदारांची वस्ती वाढली. मीटर लावून चोवीस तास पाणी पुरविणाऱ्या योजनेमुळे गावाचे नाव सर्वत्र झाले. उसाच्या शेतांच्या जागी आता इमारती दिसतात. अशा वाढत्या वस्तीतील नव्या सदनिकेवर बांधकाम व्यावसायिकाने काही लाखांची सवलत देऊ केली, तर एखाद्या परिचारिकेने वा शिक्षकाने ती घ्यावी का? हप्ता झेपेल की नाही, हे बँक सांगेल. परंतु ही सवलत नेमकी कोणाच्या पदरातून येते, हा प्रश्न बँक विचारीत नाही. तो आपणच आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारावयाचा असतो.

संत ऑगस्टीन यांनी एका ग्राहकाची हकीकत नोंदविली आहे. एक हस्तलिखित विक्रीला आले होते. विक्रेत्याला त्याचे मोल ठाऊक नसल्यामुळे तो फारच थोडी किंमत मागत होता. ग्राहकाने मात्र न मागताच योग्य ते मोल दिले. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात न्याय्य किंमतीचा विचार मांडताना हेच उदाहरण घेतले. वस्तूतील छुपा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असेही त्यांनी बजावले. त्यांच्या विवेचनाचे सार असे, की व्यवहार उभयतांच्या हितासाठी असतो. एकाच्या अज्ञानावर दुसऱ्याने नफा मिळवू नये.

घराच्या व्यवहारात हे अज्ञान बहुधा ग्राहकाच्या वाट्याला येते. म्हणून सवलतीची जात ओळखणे अगत्याचे आहे. वस्तुतः ती तीन प्रकारची असते.

पहिली सवलत प्रामाणिक असते. सदनिका पडून आहेत, कर्जाचे व्याज वाढते आहे, म्हणून विक्रेता नफा कमी करतो. किंवा रस्ता अपुरा, शाळा दूर, ही गैरसोय ग्राहक उघड्या डोळ्यांनी पत्करतो. अशी सवलत निःशंक मनाने घ्यावी.

दुसरी सवलत दोष झाकण्यासाठी असते. बिगरशेती आदेश नाही, मंजूर नकाशापेक्षा मजला अधिक, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही. मुंबईतील वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८०च्या दशकात परवानगीपेक्षा अधिक मजले चढले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अनधिकृत ठरविले, तेव्हा तेथे राहणाऱ्यांचे अर्धे आयुष्य सरले होते. आपल्या भागात तर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण अजून बुजलेली नाही. येथे सळई आणि सिमेंट यांतील काटकसर म्हणजे कुटुंबाच्या जिवाशी खेळ होय.

कायद्याने ग्राहकाला काही आधार दिला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीपात्र प्रकल्पाची नोंदणी होण्यापूर्वी जाहिरात वा विक्री करता येत नाही. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे राहते. "आजच पैसे भरा, उद्या भाव वाढेल" असे म्हणणाऱ्याला या अटी दाखवाव्यात. मात्र आठपर्यंतच सदनिका असलेल्या, किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील प्रकल्पाला नोंदणी सक्तीची नाही. लहान गावातील कित्येक इमारती अशाच असतात. तेथे सात-बारा आणि मंजूर नकाशा जाणत्या वकिलाला दाखविणे, हे ग्राहकाचे कर्तव्यच ठरते.

तिसरी सवलत सर्वांत मोहक, कारण तिच्यात ग्राहकाचे नुकसान दिसत नाही. करारात किंमत कमी दाखवावयाची, उरलेली रक्कम रोखीने द्यावयाची, की दोघांचाही लाभ! परंतु बुडालेला महसूल रस्त्याचा, शाळेचा, सरकारी दवाखान्याचा असतो. कधी ही सवलत गवंड्याच्या थकलेल्या मजुरीतून निघते, तर कधी सांडपाणी शेजारच्या ओढ्यात सोडून. व्यवहाराच्या मेजावर नसलेला माणूस येथे आपल्या घराचे पैसे भरीत असतो. सर्वच जण असे करतात, या सबबीने त्याचे देणे फिटत नाही.

आणखी एक विचार. वस्ती वाढणार, भाव चढणार, म्हणून घर घेऊन कुलूप लावून ठेवणारेही असतात. गुंतवणूक म्हणजे पाप नव्हे. तथापि बंद घरांची संख्या वाढली, की त्याच गावातील शेतमजुराच्या मुलाला भाड्याची खोलीही परवडेनाशी होते. ज्याला छप्पर हवे आहे आणि ज्याला केवळ भाववाढ हवी आहे, त्या दोघांचा त्या सदनिकेवरील नैतिक हक्क सारखा नाही.

तेव्हा मलकापुरातील ती परिचारिका कागदपत्रे तपासून, संपूर्ण किंमत करारात लिहवून, राहण्यासाठी घर घेत असेल, तर तिने सवलत आनंदाने स्वीकारावी. विक्रेता कागद दाखविण्यास कां-कूं करीत असेल, किंवा निम्मी रक्कम रोखीने मागत असेल, तर तिने आणखी दोन वर्षे भाड्याच्या घरात काढावीत. त्यात तिची गैरसोय होईल, प्रसंगी भावही वाढेल. परंतु पुढे त्या घरात मुलांना खरेपणाची शिकवण देताना तिला आपल्याच खरेदीखताकडे पाहून संकोच वाटणार नाही.