हजची वाट आणि राज्यकर्त्यांचे वैर

इ.स. 628 मध्ये मुहम्मद पैगंबर सुमारे चौदाशे साथीदारांसह उमरा करण्यासाठी मक्केकडे निघाले. सोबत कुर्बानीची जनावरे होती, लढाईची तयारी नव्हती. तरीही मक्केच्या कुरैश सरदारांनी त्यांना हुदैबियाला अडवले. बोलणी झाली, तह झाला आणि काब्याचे दर्शन न घेताच सारे मदिनेला परतले. पुढच्या वर्षी तहाप्रमाणे तीन दिवस मक्का त्यांना मोकळी झाली. काबा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांना इतरांची वाट अडवण्याचा अधिकार पोहोचतो का, हा प्रश्न इस्लामच्या इतिहासात इतका जुना आहे.

कुराणाने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. तिथला रहिवासी आणि बाहेरून येणारा या दोघांचा पवित्र मशिदीवर सारखाच हक्क आहे, असा आशय ‘हज’ या सूरेत येतो. यात्रेकरूंना पाणी पाजणे आणि मशिदीची देखभाल करणे यांची बरोबरी श्रद्धेशी होत नाही, असे नवव्या सूरेत बजावले आहे. याचा अर्थ, व्यवस्था पाहणाऱ्याला मालकी मिळत नाही. 630 मध्ये मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी काब्याची किल्ली उस्मान इब्न तल्हा यांच्याकडेच परत सोपवली. त्यांच्या बनू शैबा घराण्याकडे हा मान आजही आहे.

मक्केवरची सत्ता मात्र हात बदलत राहिली. मार्च 1924 मध्ये मक्केचे शरीफ हुसेन यांनी स्वतःला खलीफा जाहीर केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नज्दच्या अब्दुलअझीझ इब्न सौद यांच्या फौजा मक्केत शिरल्या. शतकानुशतके काब्याचे वस्त्र, म्हणजे किस्वा, कैरोहून येत असे. 1926 च्या हजमध्ये इजिप्तची ‘महमल’ मिरवणूक वाद्ये वाजवत आली. इब्न सौद यांच्या कट्टर नज्दी लढवय्यांना, म्हणजे इखवानांना, ते धर्मबाह्य वाटले. दगडफेक झाली, इजिप्शियन सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. किस्वा येणे बंद झाले. 1927 मध्ये मक्केतच कारखाना निघाला आणि तिथे हिंदुस्थानातले विणकर कामाला लागले.

1936 मध्ये समेट होऊन किस्वा पुन्हा कैरोहून येऊ लागला. 1962 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर आणि सौदी राजघराणे यांचे फाटले आणि इजिप्तने पाठवलेला किस्वा परत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात येमेनमध्ये यादवी पेटली. नासर यांनी प्रजासत्ताकवाद्यांसाठी सैन्य उतरवले, सौदींनी तिथल्या पदच्युत राज्यकर्त्या इमामाची बाजू घेतली. पाच वर्षांनी, इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर, खार्टूम परिषदेत नासर आणि राजे फैसल यांची तडजोड झाली. मग सौदी पैसाच इजिप्तच्या मदतीला आला.

या शह-काटशहात सामान्य भाविकाचे काय होते?

हज आयुष्यात एकदा फर्ज आहे, पण ऐपत असेल त्यालाच. फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, पंडितांनी या ऐपतीत पैसा आणि प्रकृतीबरोबर वाटेची सुरक्षितताही धरली आहे. त्यामुळे वाट बंद असल्यास न गेलेल्याला दोष लागत नाही. धर्मशास्त्राची ही करुणा मोठी आहे. पण दोष न लागणे आणि ओढ शमणे यांत फार अंतर आहे. वाट उघडेपर्यंत गुडघे थकतात, काहींचे डोळेच मिटतात. बदली हज दुसऱ्याच्या पायांनी होतो; काबा स्वतः पाहण्याची आस त्याने पुरी होत नाही.

5 जून 2017 रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. कतारची एकमेव भू-सीमा बंद झाली. ऑगस्टमध्ये हजसाठी त्या सीमेवरचा सल्वा नाका उघडला गेला. तरी कतार अडवणुकीची तक्रार करत राहिला आणि कतारच हजचे राजकारण करतो, असे रियाध सांगत राहिले. 5 जानेवारी 2021 रोजी अल-उलाला सौदी युवराज आणि कतारचे अमीर यांनी एकमेकांना मिठी मारली. सौदीचे सीरियाशी संबंध तुटल्यानंतर दमास्कसहून हजचे थेट विमान सुटायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला; ते 2024 मध्ये सुटले.

यजमानाची अडचणही खरी आहे. 1987 मध्ये इराणी निदर्शक आणि सौदी पोलीस यांच्या चकमकीत 400 हून अधिक माणसे मेली. गर्दीला मर्यादा हवी म्हणून दर दहा लाख मुस्लिमांमागे एक हजार यात्रेकरू, असे सूत्र पुढच्या वर्षी ठरले. ते सर्व देशांना सारखेच लागू असल्याने न्याय्य आहे. राजनैतिक भांडणात घातलेली बंदी मात्र राज्यकर्त्याच्या वर्तनाची शिक्षा त्याच्या प्रजेच्या उपासनेला देते, आणि ती कोणत्याही धर्मतर्काने समर्थनीय ठरत नाही.

म्हणून हजचे परवाने, नाके आणि विमाने राजदूतांच्या येण्या-जाण्यापासून वेगळी काढून कायमच्या करारात बांधायला हवीत. संबंध तुटलेले असतानाही सल्वा नाका उघडता आला होता, म्हणजे हे अशक्य नाही. राजे फहद यांनी 1986 मध्ये ‘दोन पवित्र मशिदींचा सेवक’ ही पदवी धारण केली आणि पुढच्या राजांनी ती चालवली. ज्या देशाशी रियाधचे सर्वांत जास्त बिनसले असेल, तिथल्या यात्रेकरूची सोय आधी पाहणे हे त्या पदवीने पत्करलेले पहिले काम आहे.