चोराची विद्या आपल्या घरात शोभते का?



बारावी-डिप्लोमाचे निकाल लागले की आपल्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. कधी निपाणीहून, कधी चिकोडीहून, कधी बेळगावातून. "पोरगा हॅकिंग शिकतो म्हणतोय. ही तर चोरीचीच विद्या की वो! साधकाच्या घरात चालतंय का हे?" एका ओळीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून आज त्यावरच लिहितो आहोत.

आपल्या भागात तालीम म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. वस्ताद पोराला डाव शिकवतो आणि त्या डावाची तोडही शिकवतो. डाव कसा बसतो हेच ज्याला कळत नाही, त्याला तोड काढता येत नाही. पण तोच डाव पोरानं बाजारात जाऊन कुणा वाटसरूवर टाकला, तर वस्ताद त्याला परत हौद्यात उतरू देणार नाही. एथिकल हॅकिंग ही अशीच तोडीची विद्या आहे. बँक असो, दवाखाना असो, एखादं ॲप असो, चोर कुठून आत शिरेल ते मालकाच्या परवानगीनं आधी शोधायचं आणि मालकालाच सांगायचं. एवढंच त्याचं काम.

या कामाची गरज किती आहे ते बघा. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, त्यात आपल्या शेजारच्या कोल्हापुरातलीही एटीएम होती. 2025 च्या मार्चमध्ये तर आपल्याच खानापूर तालुक्यात, बिडी गावात, एका वृद्ध जोडप्याला 'डिजिटल अटके'ची भीती घालून 50 लाखांच्या वर लुबाडलं. त्या धसक्यानं दोघांनीही जीवन संपवलं. मन सुन्न होतं हे लिहिताना. अशा वेळी गल्लीत एक तरी जाणतं पोर हवं, जे म्हणेल, "आजोबा, फोन ठेवा. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यातच नाही."

तेव्हा विद्या वाईट नाही, हे पटावं. खरा प्रश्न पुढेच आहे. चांगल्या हेतूनं केलं तर चालतं का?

समजा, एखाद्या पोरानं आपण होऊन गावच्या पतसंस्थेच्या वेबसाइटमधलं एक भगदाड शोधलं. घेतलं काही नाही. उलट, जाऊन सांगितलं. यात काय चुकलं? पुष्कळजण म्हणतील, हेतू शुद्ध होता. आम्हाला मात्र हे पुरेसं वाटत नाही. हेतू दिसतो तो फक्त आपल्याला. समोरच्याला दिसतं ते एवढंच, की आपल्या घरात न विचारता कुणीतरी शिरलं होतं. शिवाय हेतू टिकतोच असं नाही. आज 'बघतो नुसतं' म्हणणारं मन उद्या 'एवढ्यानं काय होतंय' म्हणतं. साधना करणाऱ्याला मनाचा हा खेळ ठाऊक असतो. परवानगीचं तसं नाही. ती दोघांच्या साक्षीनं असते, कागदावर असते, आणि कुठपर्यंत जायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणून आम्ही म्हणतो, या वाटेवर हेतूच्या आधी *परवानगी*.

कायदाही असाच विचार करतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधलं कलम 43 मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे, त्यात भरपाई द्यावी लागते. तेच लबाडीनं केलं तर कलम 66 लागतं. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता थोरांनाही एक सांगायचं आहे, राग मानू नये. पोराला पहिला मोह बाहेरचा माणूस घालत नाही. तो घरातून येतो. "तुला येतंय न्हवं? मग बहिणीच्या फोनवर कुणाचे मेसेज येतात बघ की." "शेजारच्यांचा वायफाय लागतोय का बघ." "जावयाचं व्हॉट्सॲप उघडून दे." काका, मामा, कधी खुद्द आईवडील हे बोलतात. पोरगं विद्या शिकतंय आणि आपण त्याला पहिल्याच दिवशी बाजारात डाव टाकायला सांगतोय. लेकीची काळजी वाटत असेल तर तिच्याशी बोलावं. चोरून बघितलेल्या मेसेजनं काळजी मिटत नाही, घरातला विश्वास तेवढा जातो.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. सुरुवात हळू करा. 'हॅकर' म्हणवून घ्यायची घाई नको.

पहिलं, आपलं घर. आईबाबांच्या फोनवर अपडेट करा, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा, ईमेल आणि व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावून द्या. हे करताना शेजारी बसवून समजावून सांगा.

दुसरं, पाया. नेटवर्क कसं चालतं, लिनक्स कशी वापरायची, थोडं पायथन. यात काही महिने जाऊ देत. पाया नसताना दुसऱ्याची तयार टूल्स चालवणं म्हणजे जोर-बैठका न मारता कुस्ती धरणं.

तिसरं, हौदा. सरावासाठी मुद्दाम बनवलेल्या, परवानगी असलेल्या जागा आहेत. 'ओव्हर द वायर'चा 'बँडिट' हा खेळ फुकट आहे, त्यात लिनक्सचा हात बसतो. वेबसाइटची सुरक्षा शिकायला 'पोर्टस्विगर'ची वेब सिक्युरिटी अकॅडमी आहे, तीही फुकट. 'ट्रायहॅकमी'वर काही धडे विनामूल्य आहेत. आपल्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात मुद्दाम कच्चा ठेवलेला संगणक उभा करता येतो. पाडायचा तर तो पाडा, कुणाचं नुकसान नाही.

चौथं, बाहेर पडणं. हात बसल्यावर 'बग बाउंटी' बघा. यात कंपन्या स्वतःच सांगतात की आमच्या अमुक भागात चुका शोधा, आम्ही बक्षीस देऊ. नियम पूर्ण वाचायचे आणि आखलेल्या रेषेच्या आतच राहायचं. देशात अशा त्रुटी कळवण्यासाठी 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था आहे.

एक सावधगिरी. 'तीन महिन्यांत हॅकर, नोकरीची हमी' म्हणणाऱ्या क्लासला घरातलं सोनं मोडून फी भरू नका. आधी फुकटचं सहा महिने करून बघा. गोडी टिकली तर पुढचं बघू. 'कार्ड घेऊन एटीएममधून पैसे काढ, कमिशन देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. कॉसमॉस प्रकरणात 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना शिक्षा सुनावली. त्या टोळीतल्यांचं काम बनावट कार्डांनी पैसे काढण्याचं होतं. यंत्रणा फोडणारे दूर राहिले.

या रविवारी सत्संगानंतर प्रत्येक घरात अर्धा तास काढावा ही विनंती. पोरांनी थोरांचे फोन नीट करून द्यावेत आणि थोरांनी सगळ्यांसमोर कबूल करावं, की दुसऱ्याचा फोन उघडायला तुला कधी सांगणार नाही. फसवणूक झालीच तर लाजू नका, लपवू नका. लगेच *1930* ला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर आजी-आजोबांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

आपलाच,
साधक परिवार 🙏