एक दिवस आधी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तांना अवधूताचे चोवीस गुरू नवीन नाहीत. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत आपले गुरू एकेक करून सांगतात. पृथ्वी, वायू, आकाश अशी सुरुवात होते आणि आठवा गुरू येतो कपोत, म्हणजे कबुतर. दरवर्षी जयंतीच्या सप्ताहात आमच्या देवळात हे निरूपण होतं आणि दरवर्षी माझं मन या आठव्या गुरूपाशी अडतं.

गोष्ट साधी आहे. कबुतराची जोडी पिल्लांसाठी चारा आणायला जाते. मागे पारधी येतो, पिल्लं जाळ्यात सापडतात. आई परत येते, पिल्लांची तडफड बघते आणि स्वतःच जाळ्यात शिरते. बाप शोक करतो आणि तोही मागोमाग उडी घेतो. पारधी सगळ्यांना घेऊन घरी जातो. निरूपणकार म्हणतात, बघा हे आसक्तीचं फळ.

शास्त्रार्थ करायची माझी योग्यता नाही. मी बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केली. पण आमचा मुलगा आज चौतीस वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. चार वर्षांचा झाला तरी हाक मारली की वळून बघत नसे. कुणी म्हणालं कान तपासा, कुणी म्हणालं उशिरा बोलेल, कुणी पूर्वजन्म काढला. आता तो थोडं बोलतो, आंघोळ-जेवण आपलं आपण करतो. पण पैशाचा व्यवहार, रस्ता, अनोळखी माणूस, यातलं त्याला एकट्याला काही जमत नाही. मग सांगा, याच्यावर आसक्ती ठेवायची नाही तर काय करायचं?

अशा मुलांचे आईबाप एक प्रार्थना करतात. उघड कुणी बोलत नाही. डॉक्टरांच्या दारात नंबर लावून बसलेलं असताना ओळख झाली, विश्वास बसला, की हळूच सांगतात. “देवा, याला आमच्या एक दिवस आधी ने.” आमच्या हिनेही कित्येक वर्षं हेच मागितलं. मीही मागितलं. देवासमोर उभं राहून पोटच्या पोराचं मरण मागायचं, आणि ते मायेपोटी! हे पाप की प्रेम, हा माझा खरा प्रश्न.

उत्तराची सुरुवात काउंटरवर झाली. मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि त्याच्या खात्यावरची माझी सही चालेनाशी झाली. कायद्याच्या भाषेत तो ‘अज्ञान’ होता, एका रात्रीत ‘सज्ञान’ झाला. हा नियम मी शेकडो लोकांना समजावला होता, आता स्वतःला समजावायची पाळी आली. अशा सज्ञान मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालक नेमते. जन्मदात्या बापाने पालकपणासाठी अर्ज करायचा! तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, तो कागद मला काहीतरी शिकवत होता.

काउंटरवर मी अजून एक वाक्य रोज म्हणायचो. “आजोबा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात ते हक्कदारांना पोचवायला.” दत्त या शब्दाचा अर्थच दिलेला. मूलही दिलेलंच असतं. आपण मालक नाही. ‘एक दिवस आधी ने’ ही मात्र मालकाची प्रार्थना आहे. माझ्याशिवाय याला जगणंच नाही, हे तिच्यात गृहीत धरलेलं आहे. कबुतर नेमकं तिथेच चुकलं. पिल्लांवर माया केली ही त्याची चूक नव्हे, असं मला वाटतं. पिल्लांसोबत मरणं हीच माया, असं ते समजलं.

हे कळल्यावर आम्ही तयारीला लागलो. आधी मुलीशी बोललो. तिच्याकडून वचन घ्यावं असं हिचं मत होतं. मी म्हटलं, वचन नको, विचारू. मुलीने तीन आठवडे घेतले. मग म्हणाली, “बाबा, कागद, पैसे, औषधपाणी सगळं मी बघेन. पण दादाला माझ्या घरी नेणार नाही. मला झेपणार नाही आणि त्यालाही तिकडे करमणार नाही.” दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, पोरगी खरं बोलली. खोटं हो म्हणाली असती तर मी निर्धास्त मेलो असतो आणि भोगलं त्याने असतं.

आता महिन्यातले चार दिवस तो एका निवासी संस्थेत राहतो. पहिल्या वेळी रात्रभर झोपला नाही, स्वतःचा हात चावला. आम्ही दोघं घरी जागे होतो. आज दोन वर्षं झाली. आदल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करून ठेवली की पिशवी तो स्वतः भरतो. परत आला की दिवसभर माझ्याशी बोलत नाही. तेवढं मी सोसतो.

सगळं सुटलंय असं नाही. भीती आहेच. पण ती प्रार्थना आम्ही सोडली. आता मागतो ते इतकंच, की आमच्यामागे त्याच्या पानात वेळेवर वाढणारा हात असू दे, आणि तो हात मायेचा असू दे.

जयंतीला आमच्या देवळात सुंठवड्याच्या पुड्या तोच बांधतो. गर्दी आणि घंटेचा आवाज त्याला सोसत नाही, म्हणून दुपारीच मागच्या खोलीत बसवतात. एक चमचा, एक घडी, एक पुडी. कमी नाही, जास्त नाही. यंदा प्रसादाची पुडी उघडाल तेव्हा ध्यानात असू द्या, ज्याचं कसं होणार म्हणून आम्ही रडत होतो, त्याच्या हातचं तुम्ही खाताय.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!