बंद आहे, सोडलेलं नाही

माझ्या फोनमध्ये एक अल्बम आहे, त्याचं नाव ‘सोडलेल्या जागा’. मुंबई-गोवा महामार्गावर गावी जाता-येता काढलेले फोटो. चौपदरीकरणात एकीकडे पडलेली एसटीची शेड, झुडपात बुडालेला मैलाचा दगड, रस्तारुंदीत पुढची खोली कापली गेलेलं घर, ज्याच्या आतल्या भिंतीचा पोपटी रंग आता रस्त्यावरून दिसतो. इन्स्टाग्रामवर असे फोटो चालतात. खाली एखादा शब्द लिहायचा, पूर्णविराम द्यायचा, की झालं.

मागच्या नोव्हेंबरात मी मुद्दाम कशेडी घाटाचा जुना रस्ता धरला. २०२३च्या गणपतीत तिथल्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी उघडली आणि पोलादपूर ते खेड हा वळणावळणांचा घाट आमच्या प्रवासातून गेलाच. मला त्याचं दुःख आहे असं म्हणणं खोटं ठरेल. लहानपणी त्या घाटात मी एसटीच्या खिडकीतून किती वेळा ओकलोय ते आईला विचारा.

तर एका वळणावर बंद हॉटेल दिसलं. हॉटेल म्हणजे आपलं घाटातलं हॉटेल: पत्र्याची पडवी, सिमेंटचे बाक, भिंतीवर रंगवलेलं ‘चहा, वडा, उसळ-पाव’. पत्र्यावर शेवाळ, बाकावर वाळलेली पानं, तिरपं ऊन. मी अकरा फोटो काढले. त्यातला एक टाकला. खाली लिहिलं, ‘बेवारस.’

चार दिवसांनी एका मुलीचा मेसेज आला. ‘दादा, फोटो छान आलाय. पण हॉटेल आमचं आहे. बंद आहे, सोडलेलं नाही. बाबा दर रविवारी जाऊन झाडून येतात.’

चिडलेली नव्हती ती. चिडली असती तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं.

मी उरलेले दहा फोटो पुन्हा पाहिले. अंगणात खराट्याच्या रेषा होत्या. रंगाच्या जुन्या डब्यात तुळस होती आणि पाऊस जाऊन महिना झाला तरी तिची माती ओली होती. पहिल्या दोन फोटोंत दाराशी निळी प्लास्टिकची बादली आहे, तिसऱ्यात नाही. कारण ती मी पायाने भिंतीआड सरकवली होती. तुळस नंतर क्रॉप केली. मला ओसाड जागा सापडली नव्हती, मी ती करून घेतली होती.

१९३६ साली अमेरिकेत दुष्काळ पडलेला असताना आर्थर रॉथस्टीन नावाच्या सरकारी छायाचित्रकाराने साउथ डकोटात बैलाच्या एका कवटीचे फोटो काढले. कवटी त्याने काही फूट हलवली होती. ते बाहेर आलं आणि निवडणुकीच्या वर्षात विरोधकांनी रान उठवलं. दुष्काळ खरा होता, कवटीही खरी, हलली फक्त जागा. मला रॉथस्टीनची बाजू नेहमी पटायची. खरंच असलेली गोष्ट नीट दिसावी म्हणून त्याने हात लावला. मी मात्र खरी असलेली गोष्ट दिसू नये म्हणून पाय लावला.

मग का आवडतात मला या जागा? शांतता, गंज, शेवाळ वगैरे आहेच. पण चालू हॉटेलात फोटो काढायचा तर ‘काका, काढू का?’ विचारावं लागतं. काका ‘कशाला?’ म्हणू शकतात. बंद दाराला विचारावं लागत नाही. ‘बेवारस’ लिहिताना मी एवढंच ठरवलं होतं, की इथे नाही म्हणायला कुणी नाही. आणि हे ठरवलं कुणी, तर गाडीतून वीस मिनिटं उतरलेल्या माणसाने. गावचं आमचं घर वर्षातले अकरा महिने कुलपात असतं. गणपती आणि शिमग्यालाच उघडतं. त्याचा फोटो कुणी असा टाकला असता तर आमच्या घरच्या ग्रुपवर रणकंदन झालं असतं.

फोटो काढूच नयेत असं मात्र मला अजूनही वाटत नाही. कोकणात दोन पावसाळे पुरतात, वेल छपरापर्यंत जाते. पण माझा फोटो पाहून वाटतं, हे काळाने केलं. काळाने काही केलेलं नाही. अर्ध्यापाऊण तासाचा घाट काही मिनिटांत संपू लागला आणि आम्ही सगळे बोगद्यातून जायला लागलो. ते चूक नाही. अँब्युलन्सही त्यातूनच जाते. पण त्या बाकांवर जे बसत नाहीत, त्यांत मी आहे, हे फोटोत कुठे आहे?

आणि अडचणीची गोष्ट ही, की बादलीसकटचा फोटो मी टाकला नसता. तो तितका चांगला नाही. निळा रंग डोळ्यात खुपतो.

मी तिला माफी मागणारा मेसेज केला, फोटो काढून टाकू का विचारलं. ती म्हणाली, राहू दे, फक्त शब्द बदला. बाबांना दाखवला तर ते म्हणाले, बोर्ड कुठाय? रस्त्याकडचा मोठा बोर्ड, आजोबांच्या नावाचा. तो असलेला एखादा आहे का?

अकरांतल्या एकातही तो नव्हता. मी कळवलं, गणपतीला येताना काढून पाठवतो.

गणपतीला निघालो तेव्हा पावसाने झोडपलं होतं, पोलादपूरला पोचेतो रात्रीचे दोन वाजले, आई मागच्या सीटवर झोपलेली. बोगद्यातून गेलो. येतानाही.